साहेबनं राज बरं व्हतं : तुमच्या घरात हे कोण म्हणायचं?

माळवद

गेल्या आठवड्यात गावी जुन्या घराचं धाबं उतरवायला घेतलं. (गाव एरंडोल-धरणगावच्या मधलं. नाव सांगत नाही, भाऊबंद इथेही वाचतात.) दर मृगाआधी धाब्यावर खारी (खारट माती) टाकायला आता माणूस मिळत नाही, म्हणून शेवटी स्लॅबच. कड्या काढताना माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली. आत मोडीतले कागद आणि शेतसाऱ्याच्या पावत्यांचं सुतळीने बांधलेलं बाड. त्यावरून रात्री जेवताना विषय निघाला आणि काका म्हणाले, "आमचा बाप सांगायचा ते काही खोटं नव्हतं. साहेबनं राज बरं व्हतं."

पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो ताटावरून उठायचाच बाकी होता. वहिनीने मध्ये कळण्याची भाकरी वाढली म्हणून निभावलं.

माझा प्रश्न असा. आजोबा जन्मले १९२२ मध्ये. स्वातंत्र्य आलं तेव्हा ऐन पंचविशीत. ना ते साहेबाचे नोकर, ना वतनदार. कोरडवाहू रान, एक बैलजोडी, कापूस आणि ज्वारी. मग हे वाक्य त्यांच्या तोंडी आलं कुठून? दादाभाईंचा संपत्तीचा निचरा वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते नको. तुमच्या घरात असं कोणी म्हणायचं का, कोण म्हणायचं आणि कशावरून, एवढं सांगा. खानदेशापुरतं ठेवू, नाहीतर धागा प्लासीपासून सुरू होईल.

शेवभाजी_जास्त_तर्री

साहेब म्हणजे नक्की कोणता? आमच्याकडे तलाठ्यापासून वर सगळे साहेबच आहेत. राज चालूच आहे की.

रुळावरून

भुसावळकर हजर! आमच्या घरात म्हणायचे, आणि रोज म्हणायचे.

पणजोबा जीआयपीत, म्हणजे तेव्हाच्या रेल्वे कंपनीत, फायरमन. तापीकाठचं हे खेडं १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि बदललं. एक फाटा नागपूरला, दुसरा खंडव्यावरून जबलपूरला. १८७० मध्ये मुंबईहून कलकत्त्यापर्यंत सलग रूळ झाले ते आमच्याच दारावरून. क्वार्टर, पास, ठरल्या तारखेला पगार, दवाखाना. आजूबाजूच्या गावात लोक पावसाकडे डोळे लावून बसायचे तेव्हा आमच्या घरी महिन्याच्या महिन्याला रोख यायची. पणजी तर शेडच्या भोंग्यावर स्वयंपाक करायची. भोंगा झाला की भाकरी तव्यावर.

पण पुढचं ऐका. पणजोबा आयुष्यभर कोळसा मारत राहिले. मेलचा ड्रायव्हर गोरा, नाहीतर अँग्लो-इंडियन. कोवळं पोरगं हाताखाली यायचं, पणजोबा त्याला चढ कुठे, वाफ कधी धरायची ते शिकवायचे, आणि चार वर्षांनी तेच पोरगं रेग्युलेटरवर आणि हे पुन्हा फावड्यावर. उतारवयात मालगाडी मिळाली. हे सांगतानासुद्धा म्हातारा म्हणायचा, साहेबाचं राज्य शिस्तीचं. मला आजवर कळलेलं नाही की हे कौतुक होतं की सवय.

अवांतर: अजिंठ्याची चित्रं वर्षानुवर्षं नकलून काढणारा मेजर रॉबर्ट गिल आमच्या भुसावळच्या गोऱ्यांच्या कबरस्तानात आहे, १८७९ पासून. त्याची प्रेयसी पारो अजिंठ्यात पुरलेली, तो इथे. पर्यटक सगळे पारोकडे जातात.

सातपुड्याखाली

मी तळोद्याकडचा, भिल्ल. आमच्या घरात हे वाक्य मी ऐकलेलं नाही. एकदाही नाही.

आमच्या नाईकांकडे घाटांची आणि गावांची राखण होती, त्याबद्दल गावांकडून हक्क मिळायचे. १८१८ मध्ये कंपनी आली आणि त्या हक्कांना हात लागला. मग दंगे. पुस्तकात त्याला 'भिल्लांचा उपद्रव' म्हणतात. आधी फौज पाठवून झाली, जमेना. मग १८२५ मध्ये औट्रम नावाच्या तरुण लेफ्टनंटने भिल्लांचीच पलटण उभी केली. कुठे? माळवदभाऊ, तुमच्या धरणगावात. भिल्लाला पकडायला भिल्ल. औट्रम त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला जायचा, त्यांच्यात राहायचा, म्हणून तो भला माणूस असं अजून लिहिलं जातं. असेल. पण काम काय करून घेतलं ते बघा.

खाजा नाईक तर आधी साहेबाच्याच नोकरीत, सेंधव्याच्या घाटात आग्रा रोडवर. १८५७ मध्ये तो उलटला, सोबत भीमा नाईक. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्यांना गोळ्या घातल्या, बायकांना धरून नेलं. शाळेत मला हे कोणी शिकवलं नाही. मला आजीने सांगितलं, तेही मोह वेचताना.

आणि मोहाचं म्हणाल तर १८७८ चा जंगल कायदा. पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जायचं, रात्री गळलेली फुलं दव उडायच्या आत वेचायची, अंगणात वाळत घालायची. मोह म्हणजे फक्त दारू नाही, चैत्र-वैशाखात घरात दाणा नसतो तेव्हाचं ते खाणं आहे. ते एकदम सरकारचं झालं. गार्ड आला की कोंबडी द्यायची. आजी 'साहेब' हा शब्द गार्डासाठीच वापरायची, गोरा साहेब तिने जन्मात पाहिला नव्हता.

माळवद

@सातपुड्याखाली, धरणगावचं हे मला माहीत नव्हतं. लाज वाटते लिहायला, लहानपणापासून बाजार तिथला.

इतिहासाचा_तास

धुळ्यात शाळेवर होतो, आता निवृत्त. थोडी भर घालतो, कोणी रागावू नये.

१८१८ च्या आधीचं खानदेश काय होतं ते पाहिल्याशिवाय या वाक्याचं मूळ सापडणार नाही. १८०२ मध्ये होळकर-शिंद्यांच्या भांडणात फौजांनी हा मुलूख तुडवला. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. गावंच्या गावं ओस. वरून पेंढारी, आणि किल्ल्या-गढ्यांत पगार थकलेले अरब शिपाई. कंपनीचा कॅप्टन ब्रिग्ज इथे आला तेव्हा मालेगावच्या किल्ल्यातून अरबांना काढायलाच मोठा वेढा घालावा लागला. मग त्याने धुळं मुख्य ठाणं केलं, नवी पेठ आखली, बाहेरून व्यापारी-कारागीर आणून वसवले. सरळ रस्ते, चौक, आजही दिसतात. ज्यांच्या पूर्वजांनी ती वीस वर्षं पाहिली, त्यांनी 'साहेब आला आणि रात्री झोप लागली' असं पोराबाळांना सांगितलं असेल तर त्यात नवल नाही. वाक्य पुढच्या पिढ्यांत नुसतं उतरत गेलं.

कान_नदी

सर, तुमचा विद्यार्थी असू शकतो मी, तरी बोलतो. झोप कशी लागली तेही सांगा. फेब्रुवारी १८१८, थाळनेर. मंदसोरच्या तहाने होळकरांनी ठाणी देऊन टाकलेली, तरी किल्लेदार तुळशीराम अडून राहिला. दरवाजात गोंधळ झाला, दोन इंग्रज अधिकारी पडले. मग आतली शिबंदी, अडीचशे-तीनशे माणसं, कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी. त्यावर विलायतेतसुद्धा चर्चा झाली. गावोगाव ही बातमी पोहोचली असणारच. त्यानंतर सगळीकडे शांतताच शांतता.

इतिहासाचा_तास

विद्यार्थी असशील तर चांगलाच निघालास. थाळनेर खरंच आहे. मी ते वर्गात सांगायचो, परीक्षेला येत नाही म्हणून पोरं लिहून घेत नसत.

चोपडा_रोड

सर जिंदाबाद 😀 धुळ्याचं सांगताय तर तुरुंगाचंही सांगा. १९३२ मध्ये त्याच साहेबाच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी लिहून घ्यायचे. एवढं चांगलं व्याख्यानमालेचं सभागृह परत धुळ्याला मिळालं नाही.

केळीचा_घड

फैजपूरकडचा आहे. आमच्या घरात दोन्ही पार्ट्या होत्या, मायचे वडील साहेबाच्या बाजूचे, बापाचे वडील काँग्रेसचे. दोघं एका ओट्यावर बसले की बाया चहा लवकर करून द्यायच्या.

जमीन मोजणीची गोष्ट सांगतो, कारण माळवदभाऊंच्या पेटीत सारा पावत्या आहेत. १८५२ मध्ये सरकारने आमच्या सावदा-फैजपूर भागात मोजणी आणली. आधी बिघा होता, पाटील-कुळकर्णी सांगतील तो बिघा. साहेबाने साखळी आणली. ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. लोकांना वाटलं ही साखळी रानाच्या नाही, आपल्या गळ्यात पडणार. मोजणीवाल्यांना हाकललं, हजारोंनी जमाव जमला. शेवटी पलटण आणून पुढारी धरले, मोजणी झालीच.

आता गंमत. मोजणीनंतर बऱ्याच ठिकाणी आकार, म्हणजे सारा, आधीपेक्षा कमी बसला. म्हणजे कुणब्याचं काही अंशी भलंच झालं, बुडालं ते पाटलांचं, कारण लपवलेली जमीन कागदावर आली. दंग्यात पुढे कोण होतं? पाटील. आमचेच. म्हणून मी या दंग्याला सरसकट स्वातंत्र्यलढा म्हणत नाही, घरचे चिडतात तरी.

पण सारा एकदा ठरला की तो रोख. आणि हप्त्याला. पीक येवो न येवो. पूर्वी वाईट वर्षी पाटलाच्या पाया पडता यायचं. साखळीच्या पाया कोण पडणार?

शेवभाजी_जास्त_तर्री

आमच्या बांधाच्या केसमध्ये तीच साखळी अजून चालू आहे. ३३ फूट माझे, ३३ फूट चुलत्याचे, मधला एक फूट कोर्टात. २००४ पासून.

सरकी

जळगाव. घराणं कापसाचं, म्हणून आमच्याकडचं वाक्य थोडं वेगळं होतं: 'साहेबाच्या भांडणात आपलं बरं होतं.' अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी लागली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मग इकडे नजर वळली. त्याच सुमारास रेल्वे जळगावला पोहोचली. भाव असा चढला की बैलगाडीच्या चाकांना लोखंडाच्या जागी चांदीच्या धावा बसवल्या, अशी कथा आमच्याकडे सांगतात. धावा मी पाहिल्या नाहीत, त्यानंतरचं कर्ज मात्र हिशेबाच्या चोपड्यांत पाहिलंय. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळला, सावकाराचं व्याज थांबलं नाही. ज्वारीच्या रानात कापूस गेला तो गेलाच.

आणि तुमच्या धरणगावचं आणखी एक. इंग्रज तिथे पहिल्यांदा पलटण घेऊन नाही आले, कापडासाठी आले. १६७४ च्या सुमारास त्यांची वखार होती तिथे. शिवाजी महाराजांच्या फौजेने लुटली. म्हणजे जिथून ते विणलेलं कापड नेत होते, तिथूनच दोनशे वर्षांनी रुईच्या गाठी नेऊ लागले, कापड उलटं मँचेस्टरहून यायला लागलं. विणकराचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

परखड_मत

झालं, रडगाणं सुरू. रेल्वे कोणी आणली? आग्रा रोड कोणी केला? सातबारा, कोर्ट, शाळा, टपाल? आज चाळीसगाव-धुळे गाडीत बसता ती १९०० ची लाइन आहे. आपल्या लोकांनी पंचाहत्तर वर्षांत तिला पुढे इंदूरपर्यंत नेता नाही आलं. साहेब असता तर झालं असतं.

कान_नदी

साहेब असता तर तुम्ही त्या गाडीच्या कोणत्या डब्यात असता तेही लिहा.

परखड_मत

पर्सनल जाऊ नका. तुमच्यासारख्या लोकांमुळेच

(प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. – संपादक)

संपादक

दोघांनी पाणी प्या. धागा चांगला चालला आहे, कुलूप लावायला लावू नका.

फडकरी

साक्रीकडचा. @परखड_मत, सगळं साहेबानेच आणलं नाही. पांझरेवर, कान नदीवर आमचे फडाचे बंधारे साहेबाच्या कितीतरी आधीचे. दगड-चुन्याचा बंधारा, त्याला पाट, पाटाखालच्या रानाचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ते पंचांनी बसून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, वर हवालदार, सगळे गावाने नेमलेले. गाळ काढायला घरटी माणूस. माझे वडील पाटकऱ्याशी भांडले की आठ दिवस घरात बोलायचे नाहीत, पण रात्री दोनला पाळी आली तर कंदील घेऊन जायचेच.

साहेबाने यात काय केलं? त्या रानाला 'पाटस्थळ' असं लिहिलं आणि जिराईतापेक्षा जास्त आकार लावला. बंधारा आमच्या पूर्वजांचा, नदी देवाची, पावती सरकारची.

केळीचा_घड

@फडकरी, हे वेगळा धागा काढून लिहा. आमच्याकडे बोअर सहाशे फुटांवर गेलेत.

जोहार_नको

उशिरा आले. वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

आमच्या घरात हे वाक्य म्हटलं जायचं. पण आमचं कारण तुमच्यापैकी कोणाचंच नाही.

आईचे आजोबा गावचे येसकर, म्हणजे वेशीचे राखणदार, महार. भाकरी मागून आणायची, साहेबाचा कामदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, ढोर मेलं की ओढायचं. त्यांचा मुलगा, म्हणजे आईचे वडील, भुसावळला गँगमध्ये लागले. रुळावरून यांनी शेडचं लिहिलंय, आमचे आजोबा त्याच रुळावर खडी दाबायचे. पगार कमी, उन्हात काम, पण महिनाअखेर हातात पैसा आणि तो हातात द्यायचे. वरून टाकायचे नाहीत. आजीने हे आईला करून दाखवलं होतं, तळहात पुढे करून, आणि आईने मला. बाकी सगळा इतिहास मी नंतर वाचला, ती तळहाताची खूण आधीची.

म्हणून कोणी 'गुलामी' म्हटलं की मी विचारते, कोणाची, कधीपासूनची? आणि कोणी 'साहेबाने उद्धार केला' म्हटलं तर तेही मला चालत नाही. ज्या साहेबाच्या पलटणीत महार लढले, त्याच साहेबाने १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद केली. त्याला उद्धार करायचा नव्हता, त्याला रूळ टाकायचे होते. त्यात आमची एक फट निघाली.

१९३७ मध्ये बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहिले होते. बंगला साहेबाच्या काळातला. दर ३१ जुलैला तिथे मेळा भरतो, आम्ही दरवर्षी जातो. डबा घेऊन, पावसात. कोणी बंगला कोणी बांधला म्हणून विचारत नाही.

सातपुड्याखाली

@जोहार_नको ताई, थांबलो वाचून. तुमच्या आजीचं आणि माझ्या आजीचं एकमेकींशी पटलं नसतं बहुतेक. किंवा पटलंही असतं.

इतिहासाचा_तास

जोहार_नको, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे.

नंदनगरी

नंदुरबार अजून कसं आलं नाही? ९ सप्टेंबर १९४२. शिरीषकुमार मेहता, वय पंधरा. बरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाचही शाळकरी वयाचे. घोषणा गुजरातीत होती, 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं.' चौकात स्मारक आहे, भाजीबाजाराला जाताना रोज दिसतं. लहानपणी मला वाटायचं पाचही जण आमच्या गल्लीतले असणार, कारण आडनावं सगळी गल्लीतलीच.

माझे आजोबा त्या दिवशी गावात होते. गोळीबाराचं ते कधी बोलले नाहीत, फक्त एवढं सांगायचे की दुकानांच्या फळ्या एकदम लागल्या, तो आवाज. लाकडाचा. सगळ्या बाजारभर. त्यांच्यासमोर 'साहेबाचं राज्य बरं' असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

चोपडा_रोड

आणि चिमठाणे! १४ एप्रिल १९४४, साडेपाच लाखांचा सरकारी खजिना भर रस्त्यात लुटला. डॉ. उत्तमराव पाटील आणि साताऱ्याच्या पत्री सरकारची मंडळी, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा. खानदेशी माणूस आळशी म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

शेवभाजी_जास्त_तर्री

साडेपाच लाख, १९४४ चे! आत्ताच्या हिशोबाने किती भरीत होईल?

केळीचा_घड

बामणोदच्या वांग्याचं की कुठलंही?

शेवभाजी_जास्त_तर्री

हा प्रश्न विचारून तुम्ही माझा अपमान केला आहे.

केळीचा_घड

😀 फैजपूरचं राहिलंच की. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आमच्याकडे. अध्यक्ष नेहरू, राबणारे धनाजी नाना चौधरी, मंडप सजवायला शांतिनिकेतनचे नंदलाल बोस, सामान सगळं बांबू आणि चटया. बापाचे वडील तिथे पाणी वाहायला होते. मायचे वडील, म्हणजे साहेबवाले, तेही गेले होते! विचारलं की म्हणायचे, "नेहरूला नाही, प्रदर्शनातली अवजारं बघायला गेलो व्हतो."

माळवद

मंडळी, चार दिवस नव्हतो, धाब्याचं काम चालू होतं. सगळं वाचलं. पुतण्यालाही वाचायला दिलं, तो जोहार_नको यांचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही बोलला नाही.

दोन गोष्टी घडल्या.

एक, पावत्या लावल्या. शिरपूरकडचे एक ओळखीचे काका आले होते, त्यांना थोडी मोडी येते. १८९९-१९०० या दुष्काळी सालचा आमचा आकार १४ रुपये ६ आणे. पावतीवर वसूल काहीच नाही, शेरा 'तहकूब'. पुढच्या दोन वर्षांच्या पावत्यांत चालू आकार आणि त्याखाली तहकुबीपैकी थोडं थोडं. शिवाय तगाईचा, म्हणजे सरकारी कर्जाचा, एक कागद, बैलासाठी. म्हणजे खापरपणजोबांचा बैल त्या वर्षी मेला असणार. मी आजवर समजत होतो तहकुबी म्हणजे माफी.

दुसरी गोष्ट आत्याची. वय ८०, कान तिखट. तिला फोन लावून विचारलं, बाबा असं का म्हणायचे? ती म्हणाली, बाबांनी ते वाक्य धरलं १९७२ च्या दुष्काळात. वारस नोंदीसाठी तालुक्याला अकरा खेपा झाल्या होत्या, गावात खडीचं काम सुरू होतं, आणि मस्टरवर नाव लावायला मुकादम पैसे मागत होता. संध्याकाळी घरी येऊन पाय धुताना म्हणायचे. मग ती सवयच लागली.

मी म्हटलं, म्हणजे ते साहेबाचं नव्हतंच, मुकादमाचं होतं. तर आत्या म्हणाली, "पुरतं ऐक ना भो. बाबा असं म्हनेत ना, तवय आजी उठी जाये."

आजी म्हणजे आजोबांची आई. १९०० मध्ये ती नऊ-दहा वर्षांची. माहेरचं सगळं घर सरकारी खडीच्या कामावर गेलेलं, पोरंही फोडायची. तिथे पटकी आली. तिचे दोन भाऊ तिथेच गेले, आठ दिवसांत. मोठ्याच्या हातात हातोडी होती म्हणे, ती कारकुनाने मोजून परत घेतली, एक कमी भरत होती म्हणून शोधत आला होता. आजी हे भांडून कधी सांगायची नाही. मुलाने वाक्य म्हटलं की नुसती उठायची आणि गोठ्यात जायची. मुलगाही म्हणायचा थांबला नाही.

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आजी कधी बोलली नाही." आत्या म्हणते, तुम्ही ओट्यावर बसायचे, तिला गोठ्यात कोण बघायला येत होतं?

रुळावरून

ती हातोडी.

छप्पन्या

शहाद्याकडून, आम्ही गुजर. माझा आयडी त्याच दुष्काळावरून आहे, संवत १९५६. आमच्याकडे अजून कोणी ताटात टाकलं की म्हणतात, छप्पन्या बघितला असता तर टाकलं नसतं.

माळवदभाऊ, तहकुबी आणि सूट वेगळी. तहकुबी म्हणजे यंदा राहू द्या, पुढे द्या. सूट म्हणजे सोडून दिलं. तुमच्या बाडात 'सूट' असा शेरा कुठे दिसतो का बघा, पुढे बऱ्याच थकबाक्या सोडल्या होत्या. तगाईचे हप्ते मात्र सहसा सुटत नसत.

परखड_मत

मी वर जे लिहिलं त्यातलं रेल्वेचं अजून म्हणतो. बाकीचं राहू दे.

आमच्याकडेही जुने कागद आहेत, पारोळ्याला. आत्यालाच विचारायला पाहिजे बहुतेक, आमचीही ओट्यावर बसत नाही.

माळवद

@छप्पन्या, 'सूट' अजून दिसली नाही, पण अर्धं बाड राहिलंय. एक लांब कागद असा आहे की शिरपूरच्या काकांनाही लागला नाही. डोक्यावर शिक्का, खाली तीन अंगठे. इथे कोणाला मोडी चांगली येते का?

इतिहासाचा_तास

मला येते. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा, फ्लॅश मारू नका. घडी जबरदस्तीने उलगडू नका. आणि अंगठ्यांच्या बाजूला निशाणी कोणाची ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेवढा भाग जवळून वेगळा काढा.